तामा न्यू टाउनात बिऱ्हाड: आधी दार, मग जिना, शेवटी भाडं

एजंटने फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि आमच्याकडे बघून मान जराशी तिरकी केली. त्याआधी अर्धा मिनिट तो घरमालकाशी बोलत होता. माझं जपानी तेव्हा यथातथाच होतं, पण त्या बोलण्यातला ‘गाइकोकुजिन’ हा शब्द, म्हणजे परदेशी माणूस, बरोब्बर कानात शिरला. "चोत्तो मुझुकाशी देसु," एजंट म्हणाला. जरा अवघड आहे. जपानमध्ये ‘जरा अवघड आहे’ म्हणजे ‘नाही’, हेही त्याच दुपारी कळलं, कारण ते तिसरं घर होतं. नवऱ्याच्या पगाराची कागदं पिशवीतच राहिली. कुणी मागितलीच नाहीत.

हा काही आमच्या एकट्याच्या नशिबाचा भाग नव्हता. जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची एक पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये जाहीर झाले. पाहणीच्या आधीच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधलं त्यांच्यातल्या सुमारे ४० टक्के लोकांना केवळ परदेशी म्हणून कुठे ना कुठे नकार मिळाला होता.

टोकियोच्या उपनगरात लेकराबाळांसकट राहायचं म्हटलं की बहुतेक जण भाड्याच्या आकड्यापासून शोध सुरू करतात. वेबसाइटवर कमाल भाडं टाकायचं, खोल्या टाकायच्या, यादी बघायची. आम्हीही तेच केलं आणि तीन आठवडे वाया घालवले. आता कुणी विचारलं तर मी उलटा क्रम सांगते. आधी कुठलं दार आपल्यासाठी उघडतं ते बघा. मग त्या दारापर्यंत जाणारा जिना चढून बघा. भाडं शेवटी.

ही स्वस्ताई आली कुठून

टोकियोच्या पश्चिमेला टेकड्यांवर तामा न्यू टाउन पसरलेलं आहे. तामा, हाचिओजी, माचिदा आणि इनागी अशा चार शहरांच्या हद्दीत मिळून २,८०० हेक्टरांहून जास्त जमीन. साठच्या दशकात टोकियोत माणसं नुसती लोटत होती आणि शहराच्या कडेला वेडीवाकडी घरं उगवत होती. १९६३ मध्ये नव्या वसाहतींसाठी कायदा झाला, १९६५ मध्ये तामाचा आराखडा मंजूर झाला आणि मार्च १९७१ मध्ये सुवा आणि नागायामा या दोन भागांत पहिली बिऱ्हाडं आली. गंमत म्हणजे तेव्हा तिथे रेल्वेच नव्हती. ती आली १९७४ मध्ये. तीन वर्षं लोक सकाळी बसमध्ये कोंबून सेइसेकी साकुरागाओका स्टेशन गाठायचे आणि तिथून पुढे टोकियो.

तरीही घरांवर उड्या पडत होत्या. पक्कं सिमेंटचं घर, घरात स्वतःची न्हाणी, दक्षिणेकडे गॅलरी, ही त्या काळी चैन होती. अशा एकसारख्या इमारतींच्या वसाहतीला जपानीत ‘दांची’ म्हणतात आणि दांचीत घर मिळवायला सोडतीत नंबर लागावा लागे.

त्यावेळची तरुण जोडपी आज ऐंशीच्या घरात आहेत. मुलं मोठी होऊन निघून गेली. नव्या पिढीला लिफ्ट हवी, स्टेशन जवळ हवं. म्हणून नागायामासारख्या जुन्या भागांत घरं रिकामी होत गेली, आणि जिथे एकेकाळी सोडत निघायची तिथे आता ‘जो आधी येईल त्याला’ या हिशेबाने घर मिळतं. ही स्वस्ताई कुणाची मेहेरबानी नाही. ती इमारतीच्या वयाची, चढाची आणि जिन्याची किंमत आहे, आणि ती भाड्यातून वजा झालेली आहे.

हे गाव पूर्व-पश्चिम सारख्या वयाचंही नाही. सुवा-नागायामा सगळ्यात जुनं. तामा सेंटर स्टेशनच्या आसपास ऐंशीच्या दशकातल्या इमारती भेटतात. मिनामी ओसावाचं स्टेशन १९८८ चं, म्हणजे तिथली घरं जरा ऐसपैस, लिफ्टवाली जास्त. वाकाबादाइची वस्ती तर १९९९ पासूनची. एकाच आगगाडीच्या मार्गावर चार-सहा स्टेशनांच्या अंतरात घराचं वय तीस वर्षांनी बदलतं, आणि भाडंही त्याच्यासोबत.

कुठलं दार कुणासाठी

इथे चार दारं आहेत आणि बाहेरून ती एकसारखी दिसतात. शेजारशेजारच्या दोन दांची इमारती, रंगही तोच, पण एकीत जायला उत्पन्न कमी असावं लागतं आणि दुसरीत जायला पुरेसं असावं लागतं. नव्या माणसाचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो.

पहिलं दार ‘तोएइ’, म्हणजे टोकियो महानगर सरकारची घरं. १९५१ च्या सार्वजनिक गृहनिर्माण कायद्यातून ही पद्धत आली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, उत्पन्नावर वरची मर्यादा, भाडं उत्पन्नाप्रमाणे. परदेशी रहिवाशांनाही अर्ज करता येतो, पण सोडत असते. पुढच्या महिन्यात घर हवं असणाऱ्याने याच्यावर विसंबू नये.

दुसरं ‘जेकेके’, टोकियोचंच गृहनिर्माण महामंडळ. तिसरं ‘युआर’, देशभर पसरलेली संस्था. ही आजच्या रूपात २००४ पासून आहे, पण तिचं मूळ १९५५ च्या जपान गृहनिर्माण महामंडळात आहे. देशात सुमारे ७ लाख भाड्याची घरं तिच्याकडे आहेत. आणि चौथं दार खासगी घरमालकाचं, जिथे एजंटची मान तिरकी झाली होती.

कुटुंब घेऊन आलेल्या, नोकरी पक्की असलेल्या परदेशी माणसाने आधी तिसरं दार ठोठवावं असं माझं मत आहे. कारण तिथे माणूस बघत नाहीत, आकडा बघतात. हे वाक्य थोडं थंड वाटेल, पण तीन नकारांनंतर मला तो थंडपणा फार आवडला होता.

आकडा असा असतो. कुटुंबासाठी घराचं भाडं महिना ८२,५०० येनच्या आत असेल तर अर्जदाराचं सरासरी मासिक उत्पन्न भाड्याच्या चौपट हवं. भाडं ८२,५०० ते २ लाखांच्या मध्ये असेल तर सरसकट ३ लाख ३० हजार येन. त्याच्याही पुढे ४ लाख. सरासरी म्हणजे बोनससकट वर्षाची कमाई भागिले बारा. समजा भाडं ८० हजार. चौपट झाले ३ लाख २० हजार, म्हणजे वर्षाला ३८ लाख ४० हजार येन. तेवढं कागदावर दिसलं की झालं.

उत्पन्न कमी पडत असेल तर शिल्लक दाखवता येते, पण ती भाड्याच्या शंभरपट हवी. ८० हजारांच्या घरासाठी ८० लाख! ज्याच्याकडे एवढे आहेत तो पाचव्या मजल्यावर कशाला जाईल, असं आमच्या घरी आम्ही म्हणालो होतो. तिसरी वाट जास्त व्यवहारी आहे: एक वर्षाचं किंवा जास्त भाडं एकरकमी आगाऊ भरलं तर उत्पन्नाची अट बघत नाहीत. नवराबायको दोघंही कमावते असतील तर दोघांची कमाई जोडण्यासाठीही वेगळे नियम आहेत, ते कार्यालयात जाऊन विचारायचे.

स्वस्त घरासाठी पगाराची खालची मर्यादा हे ऐकून आधी विचित्र वाटतं. त्याची मेख अशी की युआर जामीनदार मागत नाही. जपानमध्ये घर घ्यायला ‘होशोनिन’ लागतो, म्हणजे तुमचं भाडं थकलं तर स्वतः भरायची हमी देणारा माणूस. नुकत्याच आलेल्या कुटुंबाने असा माणूस कुठून आणायचा? खासगी घरांत त्याच्याऐवजी हमी कंपनीला पैसे मोजावे लागतात. युआरने जामीनदार काढून टाकला, म्हणून त्या जागी पगाराची अट बसवली. शिवाय १९५५ मध्ये ही संस्था निघाली तीच मुळी पगारदार मध्यमवर्गासाठी. गरिबांसाठी सरकारी घरं होती, श्रीमंतांना गरज नव्हती, मधल्यांचे हाल होते.

कागदं कुठली? सगळ्यांचं झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र. पालिकेतून मिळणारं जुमिनह्यो, ज्यावर कुटुंबातल्या सगळ्यांची नावं एकत्र असतात. आणि उत्पन्नाचा दाखला. नवीन नोकरी असेल आणि गेल्या वर्षीची जपानी कमाई शून्य असेल तर कंपनीकडून ‘पुढे इतका पगार मिळणार आहे’ असा दाखला घेता येतो. त्यासाठी युआरचा ठरलेला नमुना असतो, तो कंपनीच्या माणसाकडून भरून घ्यायचा. आमचे चार दिवस याच कागदासाठी गेले, कारण आम्ही कंपनीचं स्वतःचं पत्र नेलं होतं. छान लेटरहेडवर, शिक्क्यासकट. चाललं नाही.

घर पसंत पडलं की ते साधारण आठवडाभर तुमच्या नावाने राखून ठेवतात. एका वेळी एकच. त्या आठवड्यात किल्ली घेऊन घर बघून यायचं, कागदं जमवायची.

सही करायच्या दिवशी किती पैसे

आता एकाच भाड्याची दोन घरं शेजारी ठेवू. दोन्हींचं भाडं ८० हजार येन.

खासगी घर. ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत, समजा एक महिन्याची: ८० हजार. ‘रेइकिन’, हे घरमालकाला आभाराचे पैसे. होय, तुम्ही भाडं देणार त्याबद्दल तुम्हीच त्याचे आभार मानायचे, आणि हे परत मिळत नाहीत: ८० हजार. एजंटची दलाली, कायद्याने जास्तीत जास्त एक महिना अधिक १० टक्के उपभोग कर: ८८ हजार. हमी कंपनीचे अर्ध्या महिन्याचे धरले तर ४० हजार. कुलूप बदलायचे वीसेक हजार. पहिल्या महिन्याचं भाडं ८० हजार. बेरीज ३ लाख ८८ हजार. सगळ्याच घरांना एवढं लागतं असं नाही, रेइकिन न घेणारे मालकही आता बरेच आहेत, पण कुटुंबाच्या घराला हा हिशेब अगदी नेहमीचा.

युआरचं घर. अनामत दोन महिन्यांची, १ लाख ६० हजार, आणि पहिल्या महिन्याचं भाडं, राहिलेल्या दिवसांपुरतं. पूर्ण महिना धरला तरी २ लाख ४० हजार. रेइकिन नाही, दलाली नाही, हमी कंपनी नाही. दोन्हीकडे ‘क्योएकिही’ वेगळं, म्हणजे जिन्यातले दिवे, झाडलोट, बाग यांचा महिन्याचा खर्च. जुन्या दांचीत तो दोन-चार हजारांत भागतो.

बघायचं ते हे, की गेलेले पैसे किती आणि ठेवलेले किती. युआरमध्ये भाड्याखेरीज जे दिलं ते सगळं अनामत आहे, घर सोडताना दुरुस्ती वजा होऊन परत येतं. खासगी घरात भाडं आणि अनामत सोडून २ लाख २८ हजार पहिल्याच दिवशी गेले. वर दर दोन वर्षांनी ‘कोशिनर्यो’ नावाचं नूतनीकरण शुल्क, बहुधा एक महिन्याचं. चार वर्षं राहिलात तर एकदा तरी भरावं लागेलच. म्हणजे ३ लाख ८ हजार, भागिले ४८ महिने: महिना सुमारे ६,४०० येन. जाहिरातीतलं ८० हजारांचं घर प्रत्यक्षात ८६ हजारांचं निघालं. आणि ७५ हजारांचं खासगी घर ८० हजारांच्या युआरपेक्षा स्वस्त दिसतं, पण नसतं.

एवढं वाचून खासगी घराला नाव ठेवायचं कारण नाही. एकदा मालकाने होकार दिला की तिथे स्टेशनजवळची, नवी, चांगल्या न्हाणीची घरं मिळतात. नकार कुणाकडून मिळेल हे मात्र आधी कळत नाही.

चौसष्ट पायऱ्या

जुन्या दांची पाच मजली आणि बिनलिफ्टच्या आहेत. एका जिन्याला प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं, मिळून दहा घरं. उत्तरेकडून दार, दक्षिणेकडे गॅलरी, त्यामुळे वारा आरपार. हिवाळ्यात ऊन थेट खोलीत येतं. आणि वरच्या मजल्यांना भाडं कमी. त्याच इमारतीत, त्याच नकाशाचं घर दुसऱ्या मजल्यावर महाग आणि पाचव्यावर स्वस्त.

आमचं घर पाचव्यावर. मोजून ६४ पायऱ्या. बघायला गेलो तेव्हा हात रिकामे होते, छाती फुगवून चढलो. खरी परीक्षा तांदळाचं दहा किलोचं पोतं, झोपलेली मुलगी आणि घडी करायची बाबागाडी हे तिन्ही एकदम आले त्या दिवशी झाली. तेव्हा घर बघायला जाताना पाठीवर दहा किलो वजन घेऊन चढा. हसू नका, आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला मी हे करायला लावलं आणि त्यांनी मुकाट्याने दुसरा मजला घेतला.

जिना अरुंद, वळण आखूड. कुटुंबाचा मोठा फ्रिज वळत नाही. फ्रिज घेण्याआधी जिन्याचं वळण आणि घराचं दार टेपने मोजायचं.

नकाशाची भाषा एकदा समजून घेतली की अर्धी घरं न बघताच गाळता येतात. घराच्या मांडणीला ‘मादोरी’ म्हणतात. ‘३डीके’ म्हणजे तीन खोल्या आणि जेवणाच्या जागेसकट स्वयंपाकघर. ‘३एलडीके’ म्हणजे त्यात बैठकीची जागाही. आकडा खोल्यांचा, अक्षरं स्वयंपाकघराच्या बाजूची. खोलीचं माप ‘जो’मध्ये, म्हणजे किती तातामी चटया मावतात त्यावर. जाहिरातींच्या नियमाप्रमाणे एक जो किमान १.६२ चौरस मीटर धरतात, पण जुन्या दांचीतल्या चटया आकाराने लहान असतात. सहा जोची खोली एकीकडे ऐसपैस आणि दुसरीकडे आखूड निघते ती यामुळे. म्हणून जोवर जाऊ नका, एकूण चौरस मीटर बघा. जुन्या दांचीतलं ३डीके पन्नासेक चौरस मीटरचं असतं. दोन मुलांच्या कुटुंबाला ते पुरतं, पण पाहुणा आला की बैठकीत गादी.

भूकंपाचं काय, हे सगळेच विचारतात. जपानमध्ये इमारतींच्या मजबुतीचे नियम जून १९८१ मध्ये कडक झाले. नागायामाच्या इमारती त्याआधीच्या. पण या पाच मजली दांचींमध्ये खांबांऐवजी भिंतीच भार पेलतात, म्हणून त्यांना पेटीसारखा घट्टपणा असतो. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात अशा भिंतींच्या इमारतींना तुलनेने फार कमी धक्का बसला. तरी इमारतीच्या भूकंप तपासणीचं काय झालं ते विचारायचं, आणि पालिकेचा धोक्याचा नकाशा बघायचा. टेकड्यांचा प्रदेश आहे, दरडीच्या जागा त्यावर दाखवलेल्या असतात.

जुनेपणाचे आणखी दोन खर्च लक्षात घ्या. एक, ओल. जुन्या सिमेंटच्या भिंतींना उष्णतारोधक थर नसतो, थंडीत काचांवर आणि उत्तरेकडच्या खोलीच्या कोपऱ्यांत पाणी सुटतं, मग बुरशी. घर बघताना भिंतीतलं कपाट उघडून नाक आत घाला. वास लपत नाही. दुसरं, न्हाणी. डागडुजी न झालेल्या घरात टबाच्या शेजारी ‘बालान्सु-गामा’ नावाची पाणी तापवायची गॅसची जुनी शेगडी उभी असते, मूठ फिरवून पेटवायची. चालते ती, पण टब आखूड होतो. नूतनीकरण केलेल्या घरांत ती नसते आणि भाडं काही हजारांनी वाढतं. तो फरक मी आनंदाने देईन.

आता चांगली बाजू, ती फार चांगली आहे. तामा आखताना गाड्यांचे आणि चालणाऱ्यांचे रस्ते वेगळे ठेवले. पायवाटा पुलांवरून मोटाररस्त्यांच्या डोक्यावरून जातात. आमची मुलगी पहिलीपासून शाळेत एकटी जाते. वाटेत दोन पूल, एक बाग, आणि रस्ता ओलांडणं एकदाही नाही. पायऱ्यांचा सगळा राग मी या एका गोष्टीवर वळता करून घेतला आहे.

सवलत घ्या, पण कराराचा प्रकार वाचून

मुलं असलेल्या कुटुंबांसाठी युआरच्या निवडक वसाहतींत भाड्यात सूट असते. काही योजना उत्पन्न बघतात, काहींना मूल १८ वर्षांच्या आतलं असावं लागतं. आईवडील किंवा मुलं यांच्यापैकी कुणी जवळच राहत असेल तर पाच वर्षं ५ टक्के सूट मिळते, त्याचा उपयोग आपल्यापैकी फार थोड्यांना.

मेख करारात असते. साधा करार मुदत संपली तरी पुढे चालू राहतो आणि तुम्हाला काढायला घरमालकाला कायद्याने सबळ कारण लागतं. युआरचा साधा करार वर्षाचा असतो आणि शुल्काशिवाय आपोआप पुढे सरकतो. पण मुलांच्या कुटुंबांसाठीची एक मोठी सूट तीन वर्षांच्या ‘तेइकी’ करारावर मिळते. तेइकी म्हणजे मुदतबंद. तीन वर्षं झाली की करार संपला, पुढे चालू राहण्याचा हक्क नाही. तीनच वर्षं राहायचं असेल तर उत्तम. पण मूल पहिलीत घालणार असाल तर मुदत तिसरी संपताना भरेल हे आजच बोटांवर मोजा. शाळेचा नंबर पत्त्यावरून लागतो.

खासगी घराच्या जाहिरातीतही ‘तेइकी’ शब्द बघायची सवय ठेवा. भाडं संशयास्पद कमी दिसलं की तो बहुतेक वेळा तिथेच असतो.

भाड्याबाहेरचं भाडं

तामा सेंटरहून टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनला जलद गाडीने साधारण अर्धा ते पाऊण तास. नोकरदाराचा पास बहुतेक कंपन्या देतात, आणि महिना दीड लाख येनपर्यंतच्या पासभत्त्यावर आयकर नाही. त्यामुळे माणसं लांब राहायला बिचकत नाहीत. पण बायकोचा, मुलांचा प्रवास खिशातून. आणि स्टेशनपासून दांचीपर्यंतची बस, तीही मोजा, कारण चढ आहे.

याचा धडा चिबा न्यू टाउनने अनेकांना दिला. टोकियोच्या दुसऱ्या बाजूचं, सपाट, मोकळं, घरं मोठी. पण तिथली होकुसो लाइन बांधणीच्या कर्जामुळे महागड्या तिकिटांसाठी इतकी बदनाम होती की भाड्यात वाचलेले पैसे मुलांच्या पासात जायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दर कमी केले, विद्यार्थ्यांच्या पासाचे तर निम्म्याहून जास्त उतरले. तामाकडे उलट गंमत: मार्च २०२२ पासून ओदाक्यू लाइनवर कार्डाने प्रवास करणाऱ्या लहान मुलाचं तिकीट सरसकट ५० येन. रविवारी मुलं घेऊन कुठे जायचं तर आमचं स्टेशन त्यावरून ठरतं.

गॅस कुठला ते विचारा. नळाचा शहरी गॅस आणि सिलिंडरचा प्रोपेन यांच्या बिलात मोठा फरक असतो, आणि उपनगरातल्या लहान खासगी इमारतींत प्रोपेन बराच आढळतो. भाड्यातली दोन-तीन हजारांची बचत थंडीत आंघोळीच्या गरम पाण्यात वाहून जाते. विजेचंही तसंच. जुन्या घराला ३० अँपिअरचीच जोडणी असेल तर हीटर, मायक्रोवेव्ह आणि भाताचा कुकर एकदम लावले की घर अंधारात.

किल्ली मिळाल्याचा दिवस

किल्ली हातात आली की सामान आणायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो काढा. प्रत्येक भिंत, प्रत्येक ओरखडा, तारखेसकट. हे फोटो घर सोडताना लागतात. ‘गेन्जो काइफुकु’ म्हणजे घर पूर्ववत करून देणं, आणि भांडणं सगळी इथेच. २०२० मध्ये बदललेल्या नागरी कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की रोजच्या वापराने झालेली झीज भाडेकरूने भरून द्यायची नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भिंतीच्या कागदाची किंमत सहा वर्षांत १ येनपर्यंत खाली येते. सात वर्षं राहून सगळ्या भिंतींच्या नव्या कागदाचं बिल कुणी लावलं तर या सूचना दाखवायच्या. पण स्वयंपाकघरातला तेलाचा थर वेगळा. साफसफाई न केल्याने साचलेली काजळी आणि चिकटा भाडेकरूच्या खात्यात धरतात. रोज फोडणी देणाऱ्यांनी शेगडीमागची भिंत पहिल्याच दिवशी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकावी. शंभर येनच्या दुकानात मिळतो.

नवीन पत्त्यावर आलात की १४ दिवसांच्या आत पालिकेत नोंद करायची. तिथेच मुलांच्या शाळेचं काम होतं, बालभत्त्याचा अर्ज होतो. कचऱ्याचं वेळापत्रकही मागून घ्या. तामा शहरात कचऱ्यासाठी पालिकेच्या ठरलेल्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, साध्या पिशवीतला कचरा जागेवरच राहतो आणि पुढचे तीन दिवस सगळा जिना तो बघतो.

गॅस सुरू करायला माणूस घरी येतो आणि त्यावेळी कुणीतरी घरात हजर लागतं, म्हणून ती वेळ आदल्या आठवड्यातच ठरवून ठेवा. आम्ही ती ठरवली होती. वीज सुरू केली होती, पाणी होतं. संध्याकाळी पाच वाजता डिसेंबरचा अंधार पडला तेव्हा नवरा दाराजवळचं बटण खालीवर करत होता. "अगं, लायटी लागत नाहीत." लागणार कुठून? छताला मध्यभागी एक गोल खाचेची चकती होती, बस. जपानमध्ये रिकाम्या घरात बहुधा दिवे येतच नाहीत, खोल्यांचे दिवे आपण आणून त्या चकतीत फिरवून बसवायचे. गॅसची शेगडी आणि पडदेसुद्धा आपलेच. न्हाणीत तेवढा दिवा होता. त्या रात्री आम्ही न्हाणीचं दार उघडं ठेवून, त्या उजेडात जेवलो, आणि सकाळी नवरा ६४ पायऱ्या उतरून दिवे आणायला गेला.